एकत्र कोण, वेगळे कोण?
(आभासी यंत्रांच्या डिस्क सामाईक साठवणीत ठेवण्याचे नियम : एक अभ्यास)

तृतीय वर्ष, कला

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात संगणकाच्या साठवणीविषयी लेख पाहून काही वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. तरीही हा विषय निवडला, कारण तो वरवर यंत्राचा दिसला तरी मुळात व्यवस्थेचा आहे. कोणी कोणाजवळ राहावे, कोणाला कोणापासून दूर ठेवावे, नियम किती करावेत आणि ते पाळले जातात की नाही हे कोणी पाहावे, हे प्रश्न राज्यशास्त्राच्या आणि तर्कशास्त्राच्या तासालाही येतात. गेली दोन वर्षे मी महाविद्यालय सांभाळून चाकण औद्योगिक वसाहतीतील सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्याच्या संगणक विभागात दुसऱ्या पाळीला मदतनीस म्हणून काम करते. तेथे जे पाहिले, विचारले आणि वाचले, ते सर्वसामान्य वाचकास समजेल अशा भाषेत मांडणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कारखाना कशाने थांबतो?

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. मोटारी आणि दुचाकी बनविणारे मोठे कारखाने पिंपरी, चिंचवड, आकुर्डी येथे उभे राहिले. त्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लहान कारखाने भोसरीसारख्या ठिकाणी वाढले. पुढे हा पट्टा कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणपर्यंत पोहोचला.

या उद्योगाची एक रीत ध्यानात घेतली पाहिजे. वाहन बनविणारा कारखाना सुट्या भागांचा मोठा साठा करीत नाही. दिवसातून अनेकदा ठरलेल्या वेळी पुरवठादाराची गाडी येते आणि तो माल लगेच जुळणीच्या पट्ट्यावर जातो. प्रत्येक खोक्यावर छापील लेबल लागते. प्रत्येक गाडीबरोबर बीजक आणि नियमानुसार ई-वे बिल लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर असलेल्या व्यावसायिकांना आपसांतील व्यवहारांसाठी ई-बीजक सक्तीचे आहे. म्हणजे माल तयार आहे, गाडी दारात उभी आहे, चालक चहा घेऊन आला आहे. परंतु संगणकातून कागद निघत नाही, म्हणून गाडी हलत नाही, असा प्रसंग येऊ शकतो. मोठा कारखाना दंड लावतो तो पुरवठादाराला. पाळी रिकामी गेली आणि कंत्राटी कामगाराला घरी पाठविले, की रोज बुडतो तो कामगाराचा. साठवणीचा प्रश्न असा थेट माणसाच्या ताटापर्यंत येतो.

एका वाड्यातील अनेक बिऱ्हाडे

पूर्वी एका कामाला एक संगणक असे. हजेरीचा वेगळा, हिशेबाचा वेगळा, लेबलांचा वेगळा. त्यांतील बहुतेक यंत्रे दिवसाचा बराच वेळ रिकामी बसत. एकाच यंत्राचे अनेक भाग पाडून प्रत्येक भागाला ‘मी स्वतंत्र संगणक आहे’ असे भासविण्याची युक्ती आयबीएम कंपनीने १९६०च्या दशकातच शोधली होती. १९७२ साली तिची ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली बाजारात आली. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ही कल्पना साध्या, स्वस्त यंत्रांवर आणली. अशा प्रत्येक भागाला ‘आभासी यंत्र’ म्हणतात. एका वाड्यात पाच-पंचवीस बिऱ्हाडे नांदावीत, प्रत्येकाची चूल स्वतंत्र असावी, पण भिंती, जिना आणि पाण्याची टाकी सामाईक असावी, तसा हा प्रकार होय.

या यंत्राची डिस्क म्हणजे वस्तुतः एक मोठी फाइल असते. फाइल असल्यामुळे ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेता येते. यंत्र चालू असतानाही नेता येते. ती जेथे ठेवतात त्या जागेला ‘डेटास्टोअर’ म्हणतात. आपण या लेखापुरते त्याला ‘कोठार’ म्हणू. ही कोठारे एखाद्या सर्व्हरच्या पोटात नसून वेगळ्या कपाटात असतात आणि सर्व सर्व्हर तारांनी त्या कपाटाला जोडलेले असतात. म्हणूनच ही साठवण ‘सामाईक’. एखादा सर्व्हर बंद पडला तर त्यावरील यंत्रे दुसऱ्या सर्व्हरवर पुन्हा सुरू करता येतात, कारण त्यांच्या डिस्क सुरक्षित असतात. पण कपाटच बंद पडले तर? येथूनच आपल्या विषयास खरा आरंभ होतो.

नियम कोण लावतो?

कोठारे चार-सहा असली की ‘नवी डिस्क कोठे ठेवावी?’ हा प्रश्न रोज पडतो. माणूस बहुधा जेथे जागा दिसेल तेथे ठेवतो. २०११ साली व्हीएमवेअरने आपल्या प्रणालीच्या पाचव्या आवृत्तीत हे काम यंत्राकडे सोपविण्याची सोय केली. तिला ‘स्टोरेज डीआरएस’ असे नाव दिले. अनेक कोठारांचा एक गट करावयाचा. मग गटातील कोणत्या कोठारात डिस्क ठेवावी हे प्रणाली सुचविते अथवा स्वतःच ठरविते. तिच्यापुढे दोन मोजमापे असतात. पहिले जागेचे : कोठार ८० टक्क्यांपलीकडे भरले की ती काही डिस्क दुसरीकडे हलवू पाहते. दुसरे विलंबाचे : वाचण्या-लिहिण्याला १५ मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू लागला की ती भार वाटू पाहते, विलंबाचा हा आढावा दर आठ तासांनी घेतला जातो. हे आकडे मुळात ठरवून दिलेले आहेत. ते बदलता येतात.

परंतु जागा आणि वेग एवढेच पाहणाऱ्या यंत्राला कामाचे महत्त्व कळत नाही. दोन डिस्क एकमेकींच्या पर्यायी आहेत, की एकीवाचून दुसरी पांगळी आहे, हे त्याला माणसानेच सांगावे लागते. त्यासाठी तीन प्रकारचे नियम आहेत.

पहिला नियम : एका यंत्राच्या सर्व डिस्क एकाच कोठारात ठेवाव्यात. काही न सांगितल्यास हाच लागू होतो.

दुसरा नियम : एकाच यंत्राच्या अमुक डिस्क वेगवेगळ्या कोठारांत ठेवाव्यात.

तिसरा नियम : अमुक यंत्रे एकमेकांच्या कोठारात येऊ नयेत.

पहिला नियम एकत्र कुटुंबाचा, दुसरा वाटणीचा आणि तिसरा दूर अंतर राखण्याचा, असे म्हणावयास हरकत नाही. आता यांतला कोणता कोठे लावावा, हे थोड्या गणिताने पाहू.

थोडेसे गणित

समजा, प्रत्येक कोठार वर्षातील ९९ टक्के वेळ चालू असते. म्हणजे वर्षाकाठी सुमारे साडेतीन दिवस ते बंद राहणार. एखाद्या यंत्राच्या दोन डिस्क दोन कोठारांत आहेत आणि दोन्हीशिवाय त्याचे चालत नाही. तर ते चालू राहण्याचा संभव ०.९९ गुणिले ०.९९, म्हणजे ९८.०१ टक्के. बंद राहण्याचा काळ जवळजवळ दुप्पट झाला : सव्वासात दिवस. वाटणी केल्याने येथे सुरक्षितता वाढली नाही, घटली. दोन पायांच्या शिडीचा कोणताही एक पाय मोडला तरी शिडी पडतेच. पहिला नियम काही न सांगता लागू होतो, त्याची संगती यातून लागते.

आता दुसरे उदाहरण घेऊ. प्रत्येक कारखान्यात ‘हा कर्मचारी कोण, याला कोठे प्रवेश आहे’ हे सांगणारा एक ओळख-सर्व्हर असतो. तो बंद पडला तर बाकीची यंत्रे धडधाकट असूनही कोणालाच आत शिरता येत नाही. म्हणून असे दोन सर्व्हर ठेवतात. एक चालला तरी पुरतो. ते दोन वेगळ्या कोठारांत असतील तर दोन्ही एकदम बंद असण्याचा संभव ०.०१ गुणिले ०.०१, म्हणजे दहा हजारांत एक. वर्षाला साडेतीन दिवसांऐवजी अवघी ५३ मिनिटे. दोन्ही एकाच कोठारात ठेवले तर पुन्हा साडेतीन दिवस. दुसरा सर्व्हर घेण्याचा खर्च पाण्यात. येथे तिसरा नियम हवा.

तेव्हा सूत्र असे निघते : जी एकमेकांवाचून चालत नाहीत ती एकत्र, जी एकमेकांच्या जागी चालतात ती वेगळी.

थांबणे आणि हरवणे

परंतु या सूत्राला एक महत्त्वाचा अपवाद आहे. हिशेबाच्या माहितीकोशाच्या, म्हणजे डेटाबेसच्या, मुख्यतः दोन डिस्क असतात. एकीवर प्रत्यक्ष खाती असतात. दुसरीवर रोजकीर्द असते : प्रत्येक व्यवहार घडताक्षणी आधी तेथे नोंदला जातो. खातेवही जळाली पण रोजकीर्द वाचली, तर मागील प्रत घेऊन त्यावर रोजकीर्दीतील नोंदी चढवून खाती शेवटच्या व्यवहारापर्यंत पुन्हा उभी करता येतात. हाताने हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींनाही हे ठाऊक होते. दोन्ही एकाच कोठारात ठेवल्या आणि ते कोठार नष्ट झाले, तर मागील प्रत निघाल्यानंतरचे सर्व व्यवहार गेले.

म्हणजे या दोन डिस्क वेगळ्या ठेवल्या तर काम थांबण्याचा संभव वाढतो, पण नोंद हरवण्याचा संभव घटतो. एकत्र ठेवल्या तर उलट. आपण कशाला अधिक भितो, थांबण्याला की हरवण्याला, हे ठरविल्याखेरीज नियम लावता येत नाही. लेबल छापणारे यंत्र थांबले तर गाडी अडते. पण जुने लेबल हरवले म्हणून कोणी रडत नाही. पगाराचा हिशेब दोन तास थांबला तर चालेल. पण एखाद्या कामगाराच्या जादा कामाची नोंद हरवली तर ती त्याने कोठून सिद्ध करावी? पहिल्याला एकत्र ठेवण्याचा नियम योग्य, दुसऱ्याला वाटणीचा. हे तारतम्य यंत्र दाखवू शकत नाही. ते कारखान्याने, तेही केवळ संगणक विभागाने नव्हे, तर माल पाठविणाऱ्या आणि पगार करणाऱ्या विभागांना विचारून ठरवावे लागते.

वेगाचे कारण पूर्वी याहून मोठे मानीत. फिरणाऱ्या तबकडीची डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात आणि हवी ती जागा सुईखाली येण्यास सरासरी त्याच्या निम्मा वेळ जातो. रोजकीर्द एका ओळीत लिहिली जाते, खाती इकडेतिकडे उघडली जातात. दोन्ही एकाच तबकडीवर आल्या की सुई सारखी पळत राहते. फ्लॅश साठवणीत तबकडीही नाही आणि सुईही नाही, त्यामुळे हे कारण बरेच दुबळे झाले आहे. हरवण्याचे कारण मात्र तसेच आहे.

नळ दोन, टाकी एक

वर गणितात एक गोष्ट मी गृहीत धरली होती, ती आता तपासली पाहिजे. दोन संभव गुणता येतात ते दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच. कोठारे खरोखर स्वतंत्र असतात काय?

कपाटात वीस-चोवीस डिस्क असतात. त्यांचा एक समूह करून त्याचेच तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला वेगळ्या कोठाराचे नाव देतात. प्रणालीच्या पडद्यावर चार कोठारे दिसतात. खाली समूह एकच असतो. वाड्याच्या चौकात दोन नळ असले म्हणून पाणी दोन ठिकाणचे होत नाही. टाकी एक असेल तर दोन्ही नळ एकाच वेळी कोरडे पडणार. आपल्या परिसरातील एका कारखान्यात, ज्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही, हेच घडले. तेथे दोन्ही ओळख-सर्व्हर ‘वेगळ्या’ कोठारांत होते, नियम अक्षरशः पाळला गेला होता, आणि एक कपाट बंद पडताच दोन्ही एकदम गेले. संपूर्ण पाळी प्रवेशाचा परवलीचा शब्द कोणी तपासावा या विवंचनेत गेली. नियम नावे पाहतो. नावांमागील वस्तू पाहत नाही.

यावर उपाय साधा आहे. उदाहरणादाखल कपाटे दोन, ‘अ’ आणि ‘ब’, आणि प्रत्येकात दोन कोठारे आहेत असे समजा. चारही कोठारांचा एक गट केला आणि ‘दोन ओळख-सर्व्हर वेगळे ठेवा’ एवढेच सांगितले, तर प्रणाली ते अ-१ आणि अ-२ मध्ये ठेवू शकेल. त्याऐवजी प्रत्येक कपाटाचा स्वतंत्र गट करावा. प्रणाली डिस्क हलविते ती गटाच्या आतच. एक सर्व्हर ‘अ’ गटाला दिला, दुसरा ‘ब’ गटाला, की सीमा ओलांडली जाण्याची भीती उरत नाही. दोन्ही कपाटांची वीज एकाच तारेवर नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे. अन्यथा टाकीच्या जागी विजेचा खटका येतो इतकेच. शिवाय डिस्क वेगळ्या ठेवल्या म्हणून यंत्रे वेगळ्या सर्व्हरवर चालतात असे नव्हे. त्यासाठी निराळा नियम आहे आणि तोही लावावा लागतो.

नियमाला नियम आडवा

तर्कशास्त्र शिकणाऱ्यांना पुढील भाग आवडेल. कोठारे तीन आणि ‘एकमेकांजवळ नको’ अशी यंत्रे चार असतील, तर नियम पाळणे अशक्य आहे. चौथ्याला जागाच नाही. कोठार ८० टक्क्यांपलीकडे गेले, डिस्क हलविली पाहिजे, पण जेथे जागा आहे तेथे नियम जाऊ देत नाही, असेही होते. प्रत्येक नियम एकेकटा शहाणा असतो. सगळे मिळून कोंडी करतात. म्हणून नियम थोडे असावेत आणि प्रत्येकाचे कारण लिहिलेले असावे. कारण ठाऊक नसलेला नियम काढण्याचे धैर्य कोणालाच होत नाही.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. हे नियम प्रणाली स्वतः डिस्क ठेवते किंवा हलविते तेव्हा लागू होतात. माणसाने हाताने डिस्क हलविली तर आड येत नाहीत. आणि दुरुस्तीसाठी कोठार रिकामे करावयाचे असता नियम आडवे आले, तर तेवढ्यापुरते ते बाजूस ठेवण्याची सोय आहे. आपल्या पट्ट्यात औद्योगिक सुट्टी गुरुवारी असते, दुरुस्त्याही त्याच दिवशी निघतात. घाईत हलविलेली डिस्क शुक्रवारी पुन्हा आपल्या जागी गेली की नाही, हे पाहणारे माणूस नेमलेले असले पाहिजे. हलविण्यास वेळही लागतो. एक टेराबाइटची डिस्क सेकंदाला १० गिगाबिट वाहणाऱ्या तारेवरून आदर्श स्थितीत सुमारे १३ मिनिटांत जाते. १ गिगाबिटच्या तारेवरून सव्वादोन तास घेते. पाळी सुरू असताना हे करणे शहाणपणाचे नव्हे.

दूर ठेवणे म्हणजे जपणे नव्हे

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक त्यात सापडले आणि न्हावा-शेवा बंदरातील त्या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या मालधक्क्याचे कामकाजही ठप्प झाले. आपल्या पट्ट्यातून परदेशी जाणारा माल याच बंदराकडे जातो, म्हणून ही घटना दूरची समजू नये. पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार मेर्स्कचे सुमारे १५० ओळख-सर्व्हर जगभर विखुरलेले होते; परंतु ते सतत एकमेकांची नक्कल ठेवीत आणि त्या सर्वांवर एकदमच घाला आला. वाचला तो एक, घाना देशातील. कारण हल्ल्याच्या आधीच तेथील वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. कंपनीने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले, असे तिच्या अध्यक्षांनी २०१८ साली सांगितले.

यातून बोध हा, की दीडशे जागा म्हणजे दीडशे आधार नव्हेत. एकमेकांशी सतत जोडलेल्या प्रती एकाच रोगाने आजारी पडतात. कांद्याच्या चाळीत सडका कांदा शेजारच्याला सडवितो. चाळीचे कप्पे वाढविले तरी वारा एकच असेल तर उपयोग मर्यादित. म्हणून डिस्क वेगळ्या ठेवण्याचे नियम हे यंत्राच्या बिघाडावरचे औषध आहे. चोरी, घातपात आणि चुकून पुसले जाणे यांवरचे नव्हे. त्यासाठी तारेपासून तुटलेली, दुसऱ्या इमारतीत ठेवलेली आणि अधूनमधून उघडून तपासलेली प्रत लागते.

आज्ञापत्रातील दुर्ग

हा विचार आपल्याला परका नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयीचे प्रकरण इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी वाचलेले असेल. गडाला एकच दरवाजा असणे हा दोष मानला आहे. पाण्यासाठी एका झऱ्यावर विसंबू नये, जादा टाकी खोदून ठेवावीत असे सांगितले आहे. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा असेही म्हटले आहे. पहिल्या दोन सूचनांत पर्यायी वस्तू अनेक करावयाच्या आहेत. तिसरीत धोकादायक शेजार टाळावयाचा आहे. आपण वर पाहिलेले तारतम्य हेच. फरक इतकाच, की गडावरील दरवाजा डोळ्यांनी दिसतो; कोठाराच्या नावामागील कपाट दिसत नाही, ते विचारून घ्यावे लागते.

समारोप

नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी ब्रॉडकॉमने विकत घेतली. परवान्यांच्या अटी बदलल्या आणि अनेक ठिकाणी दुसऱ्या प्रणालींचा विचार सुरू झाला. नव्या प्रणालीत हेच नियम याच नावांनी असतीलच असे नाही. नसतील तर ते एका वहीत लिहावेत आणि दर महिन्याला माणसाने ताडून पाहावेत. वहीत प्रत्येक यंत्रापुढे चार रकाने पुरेत : हे कोणावाचून चालत नाही, याच्या जागी कोण चालते, आपल्याला याच्या थांबण्याची भीती आहे की हरवण्याची, आणि याची डिस्क खरोखर कोणत्या कपाटात आहे.

हे चार प्रश्न विचारण्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. उलट, कारखान्यातील कोणते काम कोणावर अवलंबून आहे हे ज्याला माणसांशी बोलून समजून घेता येते, त्यालाच त्यांची उत्तरे मिळतात. आपल्या महाविद्यालयातील अनेक विद्यार्थी शिक्षण संपताच याच पट्ट्यातील भांडार, हजेरी, माल-पाठवणी अशा विभागांत कामाला लागतात. त्यांनी तेथे गेल्यावर संगणक विभागाच्या दारावर थाप मारून चौथ्या रकान्याचे उत्तर अवश्य विचारावे. ते लगेच मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास वही घालण्याचे काम त्यांनीच अंगावर घ्यावे.